उष्ण उजेड, थंड उजेड

प्रकाश हे ऊर्जेचे एक रूप आहे. विद्युतचुंबकीय लहरींच्या स्वरूपात तो प्रवास करतो आणि त्याला माध्यम लागत नाही. म्हणूनच सूर्याचा उजेड मोकळ्या अवकाशातून, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने, साधारण ८ मिनिटे २० सेकंदांत पृथ्वीवर पोचतो. या लहरींपैकी ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या तेवढ्याच डोळ्यांना दिसतात. त्यांतही लांब लहरी तांबड्या, आखूड लहरी जांभळ्या.

उजेड निर्माण होण्याच्या वाटा अनेक असल्या, तरी त्यांचे दोन मोठे गट पडतात. एक पदार्थ तापवून मिळणारा आणि दुसरा न तापवता मिळणारा.

तापलेल्या वस्तूतील विद्युतभारित कण जोरात हलतात आणि ऊर्जा बाहेर टाकतात. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लालबुंद होते, अधिक तापले की पिवळसर दिसू लागते. तापमान वाढेल तसा उजेड पांढऱ्याकडे झुकतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला असतो, त्यामुळे त्याच्या उजेडात सगळे रंग येतात.

वेल्ह्याहून केळदकडे जाताना लागणाऱ्या पासलीसारख्या डोंगराळ गावांत वीज येण्यापूर्वी रात्रीचा उजेड म्हणजे आगच होती: चुलीतला जाळ, मशाल, तेलाचा दिवा, रॉकेलची चिमणी, कंदील. या ज्योतींचा पिवळेपणा अर्धवट जळलेल्या कार्बनच्या तप्त कणांमुळे येतो. कंदिलाच्या काचेवर धरणारी काजळी म्हणजे हेच कण, थंड झालेले. उजेड देणारेही तेच आणि उजेड अडवणारेही तेच.

विजेच्या जुन्या बल्बचे तत्त्व वेगळे नाही. त्यात जळणे नसते, पण टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंशांपर्यंत तापते. खर्च झालेल्या विजेतला जेमतेम विसावा भाग उजेड होतो, बाकीची उष्णता. ही वीज कुठून येते, याचे एक उत्तर वेल्ह्याशेजारच्या भोर तालुक्यात आहे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे पाणी जनित्रे फिरवते. ते पाणी समुद्रातून वाफेच्या रूपाने वर नेले सूर्याने. तेव्हा धरणाच्या विजेवर पेटलेला दिवाही मूळचा सूर्याचाच ऋणी.

दुसऱ्या गटात अणू-रेणूंमधले इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर चढतात आणि खाली उतरताना ती प्रकाशाच्या रूपाने सोडतात. कोणता रंग मिळेल हे त्या पातळ्यांमधल्या अंतरावर ठरते. गॅसवरची डाळ उतू गेली की निळी ज्योत पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. ज्योत उष्ण असली, तरी तो पिवळा रंग सोडियमचा स्वतःचा. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांत हेच सोडियम वाफेच्या रूपात असते. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो.

एलईडीत अर्धवाहकातून वीज जाताना थेट प्रकाश निघतो. लाल आणि हिरवे एलईडी आधी आले, निळा मात्र बराच काळ हुलकावणी देत राहिला. तो मिळाल्यावर पिवळ्या लेपाच्या मदतीने पांढरा उजेड साधला. या शोधाबद्दल अकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

घासण्यानेही उजेड पडतो. अंधारात दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासल्या, की दगडाच्या आतच फिकट उजेड चमकतो. चकमकीची ठिणगी मात्र निराळी. ती पोलादाचा सुटलेला, पेटता कण असतो, म्हणजे पहिल्या गटातली.

थंड उजेडाचा उत्तम कारागीर म्हणजे काजवा. मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत सह्याद्रीतली झाडे त्याच्या लुकलुकण्याने भरून जातात. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यासाठी पेशींतल्या एटीपी या ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा खर्च होते आणि हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच, म्हणून काजवा हातावर घेतला तरी चटका बसत नाही. ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढणाऱ्या त्याच्या अळ्याही चमकतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी अशीच, पण न लुकलुकता, संथ हिरवी उजळते.

काजव्याचा उजेड वाट दिसावी म्हणून नसतो. नर-मादीची ती एकमेकांना दिलेली खूण असते. प्रत्येक जातीच्या लुकलुकण्याचा ताल वेगळा. जवळ बॅटरी किंवा गाडीचा दिवा पेटला, की ही खूण दिसेनाशी होते आणि जोडी जमत नाही. काजवे पाहायला जाणाऱ्याने दिवा विझवायचा, तो याचसाठी.