मोटारींतील सराउंड ध्वनि : केव्हां लावावा, केव्हां लावूं नये

पुण्याहून कात्रज ओलांडून साताऱ्याच्या रस्त्यानें नसरापुरास निघालेलें कुटुंब हल्लीं गाण्याविना सहसा जात नाहीं. पस्तीसएक किलोमीटरचा हा पल्ला. पुढें चालक आणि त्याच्या शेजारीं यंत्राच्या कळा दाबणारा कोणी हौशी गृहस्थ. मागें आजी, मुलें आणि फराळाचे डबे. गाडी मोकळ्या रस्त्यास लागली कीं बालगंधर्वांचें एखादें पद सुरू होतें आणि पुढचे गृहस्थ ‘सराउंड’ची कळ दाबतात. पुढच्यांना आवाज एकदम ऐसपैस झाल्यासारखा वाटतो. मागून मात्र तक्रार येते कीं, शब्द कळत नाहींत. मग आजींना ऐकूं कमी येऊं लागलें असें ठरवून मंडळी मोकळी होतात. पुष्कळदां दोष त्यांच्या कानांचा नसतो, त्या कळीचा असतो. तो कसा, हें समजलें म्हणजे कळ केव्हां दाबावी हेंहि आपोआप समजतें.

आवाज कोणत्या बाजूनें आला हें आपण दोन कानांमुळें ओळखतों. उजवीकडचा आवाज उजव्या कानांत आधीं शिरतो, डाव्यांत किंचित् मागाहून. हा फरक फार झाला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतो. पण मेंदूस तेवढा पुरतो. याच गोष्टीचा आधार घेऊन ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं दोन मार्गांनीं ध्वनि मुद्रित करण्याच्या रीतीचें पेटंट मागितलें. हीच रीति पुढें ‘स्टीरिओ’ म्हणून रूढ झाली. तिच्या तबकड्या बाजारांत येण्यास मात्र १९५७-५८ साल उजाडलें. त्यापूर्वींचें आपलें बहुतेक सारें मुद्रित संगीत, १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रित झालेल्या गोहरजानच्या गाण्यांपासून बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्यांपर्यंत, एकाच मार्गाचें आहे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणें केंद्रावरून वर्षभर घरोघर ऐकूं आलेलें गीतरामायण, तेंहि एकमार्गीच होतें.

आतां मोटारींतील यंत्राकडे वळूं. साध्या गाडींत चार ध्वनिक्षेपक असतात. चाकणला तयार होणाऱ्या, २०२१ सालीं बाजारांत आलेल्या एक्सयूव्ही ७०० या गाडीच्या वरच्या प्रकारांत ते बारा होते. पण क्षेपक बारा असले म्हणून गाणें बारा मार्गांचें होत नाहीं. खिशांतला फोन ब्लूटूथनें जें गाणें गाडीस पुरवितो तें दोनच मार्गांचें असतें. दोहोंचे पांच किंवा सात करण्याचें काम सराउंडच्या कळीकडे असतें, आणि तें ती बेरीज-वजाबाकीनें करिते. डाव्या व उजव्या मार्गांत जें सारखें असेल तें ती मधून वाजविते. जें निराळें असेल तें वजाबाकीनें वेगळें काढून, जरा उशीर लावून, मागच्या क्षेपकांकडे धाडते.

गवयाचा आवाज स्टीरिओ मुद्रणांत बहुधा दोन्ही मार्गांत समसमान ठेवलेला असतो. तेव्हां वजाबाकींत पहिल्यानें जातो तो गवई! उरतो दालनाचा घुमारा, टाळ्या, आणि कडेला बसविलेलीं वाद्यें. मागच्या बांकावर बसलेल्याच्या कानाजवळचा क्षेपक हा उरलेला ऐवज वाजवीत असतो, आणि शब्द त्याला पुढून, इंजिनाच्या व चाकांच्या आवाजांतून वाट काढीत यावे लागतात.

एकमार्गी मुद्रणाची गत याहून वाईट. तेथें दोन्ही मार्ग हुबेहुब सारखे, म्हणून वजाबाकी शून्य. मागचे क्षेपक जवळजवळ मुके होतात. जुन्या तबकडीवरून नीट काळजी न घेतां उतरविलेल्या गाण्यांत तर आणखी एक मौज घडते. त्या तबकडीच्या चरींत गाणें असतें तें सुईच्या डाव्या-उजव्या हालचालींत. आजच्या स्टीरिओ सुईस वर-खाली होणारी हालचालहि जाणवते, आणि जुन्या चरींत ती हालचाल म्हणजे नुसती धूळ आणि झीज. वजाबाकी केली कीं गाणें नाहींसें होतें आणि खरखर तेवढी शिल्लक राहते. ती थेट मागच्यांच्या कानांशीं! कांहीं यंत्रें मागचा आवाज बंद पडूं नये म्हणून त्यांत कृत्रिम घुमारा मिसळतात. त्यानें आवाज भरतो खरा, पण व्यंजनें एकमेकांत मिसळून शब्दांची धार जाते. म्हणून जुनीं नाट्यपदें, भावगीतें, कीर्तन, प्रवचन, बातम्या, आणि आमच्यासारख्यांचीं भाषणें यांना ही कळ लावूं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

मग ही कळ केलीच कशाला? याचें उत्तर नसरापुरासच मिळतें. गांवाजवळ झाडींत बनेश्वराचें पेशवेकालीन देऊळ आहे. तेथील घंटा वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आली असें सांगतात. दगडी देवळांत घंटेचा टोल पडला कीं तो एकदां थेट आणि मग भिंतींवरून, छतावरून, पुन्हा पुन्हा परतून आपल्यापर्यंत येतो. आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर धांवतो. दहा मीटरांचा वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनि सेकंदाच्या सुमारें तीन शतांशांनीं मागें राहतो. अशा उशिरा आलेल्या शेकडों प्रतिध्वनींवरूनच आपण एका ऐसपैस वास्तूंत उभे आहों हें कानांस उमगतें. मोटारीच्या पेटींत कांच आवाज परतविते, पण अवघ्या मीटर-दोन मीटरांवरून. गाद्या तर तो पिऊनच टाकतात. जागेचा भास होण्याइतका उशीर तेथें घडतच नाहीं. सराउंड तो उशीर उसना आणते. म्हणून ज्या मुद्रणांत मुळांतच दालनाचा अवकाश टिपलेला आहे, तेथें ती शोभते : मोठा वाद्यवृंद, संगीतसभेंतील प्रत्यक्ष मैफल, टाळमृदंगांच्या मेळ्यांत गाइलेला अभंग. मैफलींतहि ती हलक्या हातानें लावावी. तानपुरे दोन्ही अंगांनीं झंकारूं लागले कीं पुरे. समेवरची दाद पाठींत घुसूं लागली तर जास्त झालें.

चित्रपटाची गोष्ट निराळी. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर अनेक मार्गांच्या ध्वनीसह दाखविला गेला, आणि आजचे बहुतेक मोठे चित्रपट पांच-सात मार्ग मुळांतच निरनिराळे ठेवून तयार होतात. तेथें वजाबाकीचा खटाटोप नाहीं. मागून यावयाचा आवाज मागच्यासाठींच मुद्रित केलेला असतो. गाडीचें यंत्र ते मार्ग वेगवेगळे वाचूं शकत असेल तर कळ खुशाल लावावी. फोनवरून ब्लूटूथनें तोच चित्रपट ऐकविल्यास मात्र पुन्हा दोन मार्ग आणि पुन्हा वजाबाकी.

गाडींत कोण कोठें बसलें आहे हेंहि पाहावें. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या क्षेपकाचा आवाज त्याच्यापर्यंत आधीं पोंचतो. जर्मन संशोधक हेल्मूट हास यानें १९४९ सालीं दाखवून दिलें कीं, एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतरानें आला, तर कान त्याचा उगम पहिल्या आलेल्याच्या दिशेस मानतो. त्यामुळें चालकास सारी मैफल उजव्या दारांत बसल्यासारखी वाटते. गाडी माणसांनीं भरलेली असून समोरच्या फळीच्या मध्यावर क्षेपक असेल, तर सराउंड गवयास मध्यें आणून बसविते. हा तिचा खरा उपयोग आहे. चालक एकटाच असेल तर जवळच्या क्षेपकास उशीर लावणारी ‘चालकासाठीं’ अशी निराळी सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती अधिक चांगली.

चालकाच्या कानांचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो करमणुकीचा नाहीं. महामार्गावरच्या वेगांत गाडीच्या आंत ६५ ते ७० डेसिबल गोंगाट असणें नेहमींचेंच. सराउंडचे मागून येणारे नाजूक ध्वनि त्यांत बुडतात, म्हणून आवाज वाढविला जातो. आणि वाढविलेल्या आवाजांत मागच्या गाडीचा भोंगा बुडतो. चित्रपटांतली शीळ किंवा भोंगा मागच्या क्षेपकांतून आला तर चालक उगाच आरशांत पाहतो, आणि दोन-चारदां फसला कीं खऱ्या भोंग्याकडेहि काणाडोळा करूं लागतो. रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४ ई या कलमान्वयें सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. पण त्या गाडींतील रोग्याचीं गेलेलीं मिनिटें कोणताच दंड परत आणीत नाहीं. म्हणून घाटांत, बोगद्यांत, खेड-शिवापूरच्या टोलनाक्याच्या गर्दींत, चेलाडीला वेल्ह्याची वाट फुटते तेथें, कळ बंद आणि आवाज बेताचा ठेवावा. गाडी झाडाखालीं उभी करून दर्शनास गेलेल्यांची वाट पाहत बसण्याचा अर्धा तास हीच सराउंडची खरी वेळ.

आपल्या यंत्रांत ही कळ नेमकें काय करिते याची परीक्षा घरच्या दारांतच घेतां येते. ओळखीचें, शब्द पाठ असलेलें गाणें लावून स्वतः मागच्या बांकावर बसावें आणि पुढच्या माणसाकडून कळ चालू-बंद करवावी. डोळे मिटून फक्त शब्दांकडे लक्ष द्यावें; आवाज भरदार झाला कीं नाहीं इकडे तूर्त देऊं नये. शब्द तसेच स्पष्ट राहिले तर त्या गाण्यापुरती कळ असूं द्यावी. ते मागें सरले तर ती बंद करून यंत्र साध्या स्टीरिओवर आणावें, आणि पुढचा-मागचा तोल राखणारा जो ‘फेडर’ असतो तो एक-दोन घरें मागें सारावा.