चाकोरी सोडू नका

तिकोणा पेठेच्या माळावर जीपगाड्यांचा दोन दिवसांचा मेळ भरवायला लागलो, तेव्हा मार्शल म्हणून छातीवर बिल्ला लावायलाही आम्हाला लाज वाटायची. काम साधं होतं. पहिल्या गाडीच्या पुढे चालायचं, ओढ्यात उतरून काठीनं पाणी मोजायचं, तळाला दगड कुठे आहे ते बघायचं आणि ड्रायव्हरला हातानं खुणा करायच्या. पैसे नाहीत, डिझेल आपलं. जेवण मात्र गावात, इंद्रायणीच्या गरम भातासकट.

२०१० मध्ये थार आली होती आणि लोणावळ्याच्या पावसात महिंद्राच्या ‘ग्रेट एस्केप’ मोहिमा निघत. पण आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक जुन्या एमएम ५४० आणि जिप्सी. त्यातल्या कित्येकींना फोर बाय फोर लावायचं तर खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवावे लागत. त्यासाठी चिखलात उकिडवं बसायचं. एकदा गुडघे भरले की माणूस पुढची वाट चालून बघूनच स्टिअरिंगला हात लावी. टायरमधली हवा अठरा-वीसवर आणायची, लो रेंज टाकायची, स्टिअरिंगच्या आत अंगठे घालायचे नाहीत, हे कुणाला शिकवावं लागत नसे. गाडी रुतली तर चार जण ढकलायला, नाहीतर गावातला ट्रॅक्टर. लाखभराचं विंच लावलेली गाडी ट्रॅक्टरनं ओढून काढली की बांधावरची पोरं अशी काही शिट्ट्या मारत, की मालक पुढचा अर्धा तास काच खाली घेत नसे.

एक गोष्ट मात्र तेव्हापासूनच चुकत होती. आमचा मोसम आणि मावळाची आवणी एकाच वेळी येते. जुलैत चिखल हवा म्हणून आम्ही यायचो, आणि त्याच चिखलात लोक भात लावत असायचे.

एका जुलैत मागून तिसऱ्या गाडीनं ओल्या वळणावर चाकोरी सोडली. मागचं चाक घसरून खाचराच्या बांधावर बसलं आणि बांध हातभर फुटला. गाडीला काही झालं नाही, दहा मिनिटांत पट्टा लावून काढलीसुद्धा. पण पाणी थांबेना. खाचर उतरणीवर, एकाखाली एक. वरचं रितं होऊ लागलं आणि तो लोंढा खालच्या खाचरात दोन दिवसांपूर्वी लावलेली रोपं मुळासकट उपटून चालला. इरलं पाठीवर घेतलेल्या मावशी धावत आल्या, ओरडल्या नाहीत, फुटलेल्या जागी सरळ पाय रोवून उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातच होतं. गाडीवाल्यानं पाकीट काढलं.

“पैशे ऱ्हाऊ द्या दादा, आधी माती आना,” त्या म्हणाल्या.

मग आम्ही सगळे गवताच्या मुळ्यांसकट ढेकळं काढून त्या भोकात दाबत बसलो. नुकसानीचे पैसे संध्याकाळी दिले, ते मोजायला सोपे. खालच्या शेतकऱ्याला पुन्हा रोपं मिळवायची होती, आणि त्या आठवड्यात उरलेली रोपं कुणाकडेच नव्हती.

पुढच्या वर्षीपासून आदल्या दिवशी गावातला माणूस बरोबर घेऊन वाट आखायला लागलो. फक्कीची रेघ पहिल्याच सरीत धुऊन गेली, तेव्हा कारवीच्या काठ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या. लाल चिंधीच्या आत चाक नाही. पट्टा झाडाला बांधायचा तर खोडाभोवती आधी रुंद पट्टी.

खरा बदल २०२० नंतरचा. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला नवी थार आली, टाळेबंदीतून सुटलेले लोक शोरूमला धावले आणि आमच्या यादीत सगळे नवखे. गाडी इतकी समर्थ, की ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनीच सांगते. चालवणाऱ्याला ओढा कुठे खोल आहे ते कळत नाही ते नाहीच. २०२३ च्या जानेवारीत फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार निघाली, बाहेरून हुबेहूब तशीच. तेव्हापासून सकाळी माझं पहिलं काम म्हणजे प्रत्येक खिडकीतून डोकावून गिअरशेजारी दुसरा दांडा आहे का ते बघणं. नसेल तर गाडी गावातच. यावर ऐकून घ्यावं लागतं. गाड्या काढण्यापेक्षा गाड्या जाऊ न देण्यात दिवस जाऊ लागला, आणि मला विचाराल तर मार्शलचं काम तेच आहे.

कॅलिफोर्नियातल्या जॉर्जटाउनच्या लोकांनी १९५३ मध्ये रुबिकॉन वाटेवर पहिला जीपमेळा भरवला, तो बाहेरचे चार पैसे आपल्या गावात यावेत म्हणून. यजमान गावच होतं. आमचं उलटं. आम्ही पुण्या-मुंबईचे, आणि वाट शेतावर जाणाऱ्यांची. त्यातही ती दर वर्षी आखडते आहे. पवना धरणाच्या काठानं तंबू आणि बंगले उठले, प्लॉटला तारा पडल्या. जिथून सरळ तुंग किल्ला समोर ठेवून गाड्या न्यायचो तिथे आता फाटक आहे.

३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पर्यटनस्थळांवर प्रशासनाचे मनाई आदेश निघाले. आम्हाला निमित्त मिळालं. पावसाळी मेळ बंद केला, जानेवारीत नेला. भात कापून झालेलं, बांध कोरडे, गावाला सवड.

नोंदणी निम्म्यावर आली. चिखल नाही तर मजा काय, असे फोन आले. त्यांचं चूक नाही, मलाही चिखल आवडतो. पण जानेवारीचं दुखणं वेगळं निघालं. गवत कमरेइतकं आणि वाळून खडखडीत, आणि बीएस-६ डिझेलचा फिल्टर स्वतःतली काजळी जाळायला लागला की गाडीखाली भट्टी पेटते. म्हणून आता थांबा फक्त उघड्या मुरमावर. इंजिन बंद झालं की आम्ही आडवे होऊन सायलेन्सरला अडकलेलं गवत आकड्यानं काढतो, आणि पाण्याचा ड्रम घेतलेला गावातला ट्रॅक्टर सगळ्यांच्या मागून येतो. त्याचं भाडं नोंदणी फीमध्ये आधीच धरलेलं असतं.