तपासणी एका दिवसाची

"सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय जातं?" डॉक्टरीणबाई विचारतात. शुगरचा रिपोर्ट टेबलावर आहे, त्यांनी तो अजून उघडलेला नाही.

"चहा," मावशी सांगतात.

"साखर किती?"

"फिकाच असतो."

"दोन चमचे," शेजारी बसलेली सून हळूच म्हणते.

"आणि चहाच्या आधी?" या प्रश्नावर मावशी पदर तोंडाशी नेतात. चहाच्या आधी मिश्री असते. लग्न होऊन आल्यापासूनची सवय. पंधरा वर्षं त्या मधुमेहाच्या गोळ्या घेत आहेत, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा हा दवाखाना. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जन्मभर सोबत राहणारे आजार इथे औषधांबरोबर जीवनशैलीनेही हाताळले जातात. आहार, हालचाल, झोप, मनावरचा ताण, व्यसन आणि माणसांचा सहवास या सहा गोष्टी प्रत्येक रुग्णाबाबत तपासल्या जातात. रुग्णांच्या परवानगीने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून मी हे काम पाहिलं. नव्या रुग्णाची पहिली भेट पाऊण तास चालते आणि त्यातला बराचसा वेळ अशा प्रश्नांत जातो.

प्रश्न साधे, पण नेमके असतात. "तेल कमी खाता ना?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. म्हणून इथे विचारतात, "महिन्याला घरात तेल किती येतं आणि जेवणारी माणसं किती?" भागाकार तिथेच होतो. माणशी अर्धा लिटरच्या वर उत्तर गेलं की बोलणं फोडणीकडे वळतं. "रात्री किती वाजता जेवता?" याच्यापाठोपाठ "घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?" हा प्रश्न येतो. मावशीच शेवटी जेवतात. दहा वाजून गेलेले असतात, भाजी संपलेली असते. मग उरलेला भात आणि आमटीचं पाणी. त्यांची सकाळची शुगर का चढते, याचं निम्मं उत्तर त्या ताटात होतं. "मावशींनी आठ वाजता सगळ्यांबरोबर बसायचं आणि उसळ आधी त्यांना वाढायची." हे पथ्य डॉक्टरीणबाईंनी सुनेला आणि बाहेर थांबलेल्या मुलाला आत बोलावून सांगितलं.

प्रश्न झाले की चपला काढायला सांगतात. नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला टेकवला जातो. तो वाकतो तेव्हा दहा ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटलेल्या माणसाने तो जाणवला की "हो" म्हणायचं. शेतात अनवाणी वावरणाऱ्या एका काकांना अंगठ्याखाली तो जाणवलाच नाही. तिथे जुनी, भरत आलेली जखम होती, तीही त्यांना माहीत नव्हती. "रोज चाला" हा सल्ला आपण सगळ्यांना सरसकट देतो. बधिर पायांच्या माणसाला तो तसाच दिला तर जखम चिघळून पाय गमवायची वेळ येऊ शकते. काकांना आधी मऊ तळाची पादत्राणं, रोज रात्री आरशात तळवे पाहण्याची सवय आणि खुर्चीत बसून करायचे व्यायाम मिळाले. चालणं जखम भरल्यावर.

मग गोळ्या. पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर ओतायची, मेडिकलवाल्याने दिलेली आणि शेजाऱ्याने सुचवलेलीसुद्धा. इथे डॉक्टरीणबाई फार सावध असतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. ती घेणाऱ्यांना आणि इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांना एक धोका असतो. जेवण कमी केलं, चालणं वाढवलं आणि डोस तोच ठेवला तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडू शकतो. म्हणून आहार बदलण्याआधी डोसचा हिशेब होतो. "गोळी मी कमी करेन, तुम्ही नाही," हे वाक्य प्रत्येकाला ऐकवलं जातं. टाइप वन मधुमेह असलेल्यांना तर इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही, हे बजावूनच सांगतात.

बाजाराच्या दिवशी दुपारी गटाची बैठक असते, कारण त्या दिवशी लोक गावात येतातच. आहाराचं काम पाहणाऱ्या ताई नेहमीचं ताट मांडतात: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भाताची मूद, वाटीभर पातळ आमटी. त्याच घरात मिळणाऱ्या वस्तूंतून मग दुसरं ताट लावतात. मटकीची उसळ भरपूर, पालेभाजी, काकडी, एक भाकरी, भात दोन घास. एक आजी एकादशीचं काय, म्हणून विचारतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे खिचडीने साखर झपाट्याने चढते, हे ताई समजावतात. उपास मोडायला मात्र सांगत नाहीत. दही, काकडी, मूठभर शेंगदाणे, असा उपास दोघी मिळून ठरवतात. जेवण झालं की सगळे पंधरा मिनिटं चालून येतात. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरच्या चालण्याला इथे इतकं महत्त्व आहे.

स्नायूंवर भर देण्याला आणखी एक कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला बारीक असलेल्या आपल्या माणसांत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. "मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?" हा प्रश्न या दवाखान्यात सारखा ऐकू येतो, त्याचं उत्तर इथे आहे.

ही पद्धत श्रद्धेवर उभी नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात जीवनशैलीच्या बदलाने मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या गोळीने 31 टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 साली भारतीयांत ही घट 28.5 टक्के असल्याचं मांडलं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातल्या 46 टक्के मधुमेहींची साखर वर्षअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. म्हणजे सुधारणा खरी असते, पण ती टिकवण्यासाठी सोबत लागते.

ती सोबत कशी असते, हेही इथे पाहायला मिळालं. साखर कारखान्यात रात्रपाळी करणारे एक दादा दिवसा चार तास झोपतात आणि जागं राहायला चहा-बिस्किटांवर रात्र काढतात. त्यांना आहाराचा तक्ता देण्याआधी झोपेच्या खोलीला जाड पडदा आणि रात्रीच्या डब्यात उसळ-भाकरी सुचवली गेली. पत्नी गेल्यापासून एकटे राहणारे एक निवृत्त शिक्षक गोळ्या घ्यायच्याच विसरत. गटातले दोघे आता रोज संध्याकाळी त्यांना फिरायला घेऊन जातात आणि निघताना गोळी घेतली का ते विचारतात. यातलं काहीच औषधाच्या चिठ्ठीवर मावत नाही, पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत उतरतं.

देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने 2023 साली मांडला. गावोगावी आशाताई तिशीपुढच्या लोकांचे अर्ज भरतात, आरोग्य केंद्रांत तपासण्या होतात. रोग सापडल्यानंतरचं बोलणं मात्र दोन मिनिटांत उरकतं, कारण बाहेर रांग असते. तपासणीला दर आहे, गोळीला किंमत आहे, पाऊण तास ऐकून घेण्याला आपल्या व्यवस्थेत मोल नाही. ऐकणं हेही उपचाराचं काम आहे आणि त्यासाठी माणूस नेमायला हवा, पगार द्यायला हवा, असं हे सगळं पाहिल्यानंतर मला ठामपणे वाटतं. ते होईपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. घरात मधुमेही असेल तर पुढच्या भेटीला स्वयंपाक करणाऱ्यानेही सोबत जावं, सगळी पाकिटं न्यावीत, तळपाय तपासायला सांगावं आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस आपणहून, खरा खरा सांगावा.