३० जुलै : माळीण गाव दरडीखाली गेलं तो दिवस, दरड कोसळण्याआधी कोणते इशारे मिळतात?

३० जुलै २०१४, बुधवार. आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरच्या डोंगररांगेतल्या माळीण गावावर सकाळी डोंगराचा कडा कोसळला. चाळीसहून अधिक घरं काही क्षणांत गाडली गेली. १५१ जणांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक आदिवासी शेतकरी कुटुंबं होती.

बातमी बाहेर कशी आली?

नेहमीप्रमाणे गावाकडे निघालेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसलं नाही, नुसता चिखल दिसला. त्याने मागे फिरून ही माहिती कळवली. त्यानंतर एनडीआरएफची पथकं पोहोचली. पाऊस आणि चिखलामुळे शोधकार्य आठवडाभर चाललं.

डोंगर का कोसळला?

सह्याद्रीत कातळावर माती आणि मुरमाचा थर असतो. सलग पावसात पाणी या थरात मुरतं. माती जड होते, तिची कातळावरची पकड सुटते आणि उतारावरून सगळा थर खाली येतो. माळीणमध्ये आधीचे काही दिवस मुसळधार पाऊस सुरू होता. उतारावर शेतीसाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही तेव्हा अनेकांनी बोट दाखवलं.

त्यानंतर काय झालं?

वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच्या आमडे इथे नवं गाव उभारण्यात आलं. एप्रिल २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं.

पण अशा दुर्घटना थांबल्या नाहीत. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेत ८० हून अधिक जण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. तिन्ही घटना जुलैतल्याच आहेत. जूनपासून भिजलेल्या जमिनीवर जुलैत अतिवृष्टी झाली की धोका वाढतो.

हे इशारे ओळखा

- जमिनीला किंवा घराच्या भिंतींना नव्या भेगा पडणं
- झाडं, विजेचे खांब, कुंपण कलणं
- झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, नवा झरा फुटणं किंवा वाहता झरा आटणं
- दारं-खिडक्या अचानक घट्ट बसणं
- डोंगरातून गडगडाट ऐकू येणं किंवा दगड घरंगळणं

यातलं काहीही दिसलं तर पाऊस थांबायची वाट पाहू नका. उतारापासून आणि ओढ्यापासून लांब जा, शेजाऱ्यांना उठवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर कळवा. डोंगराखाली राहणारे नातेवाईक असतील तर ही माहिती त्यांना आजच पाठवा.