जिनिव्हातली तपासणी आणि आपल्या भिंतीवरचा फलक
सीडॉ कराराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातल्या एखाद्या सरकारी कचेरीत, महाविद्यालयात किंवा बँकेत गेलात तर भिंतीवर एक फलक बहुधा दिसतो. वर लिहिलेलं असतं 'अंतर्गत तक्रार समिती', पण कर्मचारी तिला अजून 'विशाखा समिती'च म्हणतात. खाली अध्यक्षांचं नाव, सदस्यांची नावं आणि फोन नंबर असतात. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर दाद मागायची ती इथे, एवढं बऱ्याच जणींना ठाऊक असतं. या फलकाच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

तो करार म्हणजे सीडॉ, स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्यासाठीचा करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो १८ डिसेंबर १९७९ रोजी संमत केला आणि ३ सप्टेंबर १९८१ पासून तो लागू झाला. आज १८९ राष्ट्रं त्याला बांधलेली आहेत. भारतानं १९८० साली त्यावर सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्याला रीतसर मान्यता दिली. तेव्हापासून स्त्रियांच्या हक्कांबाबतचा आपला हिशेब कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या सीडॉ समितीपुढे अधूनमधून मांडला जातो; ही समिती आता जिनिव्हात भरते. बातमी आली की दोनच सूर ऐकू येतात. कुणी म्हणतं, 'हे परदेशी लोक कोण आम्हाला शिकवणार?' कुणी म्हणतं, 'त्या कागदानं काय होतंय?' दोन्ही सूर अपुऱ्या माहितीतून येतात. म्हणून एकेक गैरसमज घेऊन तो तपासून पाहू.

गैरसमज १ : हा पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेला विचार आहे

वस्तुस्थिती : १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत होता, तेव्हा मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. भारताच्या संविधान सभेच्याही त्या सदस्य होत्या. मसुद्यातलं पहिलं कलम 'ऑल मेन' या शब्दांनी सुरू होत होतं. 'मेन' म्हटलं की त्यात स्त्रिया आल्याच, असं समजायला हंसाबेन तयार नव्हत्या. त्यांनी आग्रह धरला आणि तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असे शब्द आले. आज जगभरची मुलं तेच कलम शाळेत शिकतात. समतेची ही भाषा घडवणाऱ्यांत एक भारतीय स्त्री पहिल्या रांगेत होती.

उलट ज्या अमेरिकेचं नाव घेऊन हा आक्षेप येतो, तिनं १९८० साली सीडॉवर सही केली, पण आजवर मान्यता दिलेली नाही. इराण, सोमालिया आणि सुदान हे देशही कराराबाहेर आहेत. करारात सामील होणं हा ज्या त्या राष्ट्राचा स्वतःचा निर्णय असतो, आणि आपण तो स्वखुशीनं घेतला.

गैरसमज २ : फक्त गरीब, मागास देशांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात

वस्तुस्थिती : करारात असलेल्या प्रत्येक राष्ट्राची पाळी येते. जपानचंच पाहा. तिथे लग्नानंतर नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं असा कायदा आहे आणि सुमारे ९५ टक्के जोडप्यांत आडनाव बदलते ती बायकोच. सीडॉ समितीनं या कायद्यावर २००३ पासून वारंवार बोट ठेवलं आहे. ऑक्टोबर २०२४ च्या तपासणीत समितीनं राजगादीवर फक्त पुरुषालाच बसवणारा नियमही बदलायला सांगितला. जपान सरकार इतकं रागावलं की आपण स्वेच्छेनं देतो तो निधी या समितीच्या कामाला वापरू नये, असं त्यानं २०२५ च्या जानेवारीत कळवलं. बाहेरच्यांनी घरातलं बोललेलं लागतं ते फक्त आपल्यालाच, असं मुळीच नाही.

ब्रिटनची गोष्ट आणखी बोलकी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये गर्भपात हा १८६१ च्या कायद्यानुसार गुन्हा होता. समितीनं चौकशी करून २०१८ साली ठपका ठेवला की तिथल्या स्त्रियांच्या हक्कांचं गंभीर आणि पद्धतशीर उल्लंघन होत आहे. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं कायदा केला आणि समितीच्या शिफारशी अमलात आणण्याची जबाबदारी त्यात मंत्र्यावर टाकली. २२ ऑक्टोबर २०१९ पासून उत्तर आयर्लंडमध्ये ती जुनी फौजदारी कलमं राहिली नाहीत.

गैरसमज ३ : परदेशी अधिकारी येऊन झडती घेतात

वस्तुस्थिती : नेमकं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवात होते सरकारच्याच अहवालानं. मान्यता दिल्यावर पहिल्या वर्षी एक आणि मग साधारण दर चार वर्षांनी एक, असे अहवाल प्रत्येक सरकारनं द्यायचे असतात. समितीत २३ तज्ज्ञ असतात. त्यांना सदस्य राष्ट्रं निवडून देतात, पण त्या बसतात व्यक्ती म्हणून, आपल्या सरकारच्या वतीनं नव्हे. मुंबईच्या ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग २००९ ते २०१२ या काळात या समितीवर होत्या. स्वतःच्या देशाची पाळी आली की त्या सदस्यानं बाजूला बसायचं, असा नियम आहे.

ठरल्या दिवशी सरकारचं शिष्टमंडळ समितीसमोर बसतं. सकाळी एक आणि दुपारी एक, अशा दोन बैठकांत कलमवार प्रश्न विचारले जातात : मुलींच्या गळतीचे आकडे काय? छळाच्या तक्रारींचा निकाल किती दिवसांत लागतो? जमीन बाईच्या नावावर किती? आकडे हाताशी नसले तर शिष्टमंडळ लेखी उत्तर देतं. बैठक खुली असते, जगात कुणालाही ती इंटरनेटवर पाहता येते. शेवटी समिती आपली निरीक्षणं लिहून देते, काय चांगलं झालं आणि काय राहिलं. समितीकडे पोलीस नाहीत, दंड नाही, निर्बंध घालायचा अधिकार नाही.

भारताचा पहिला अहवाल १९९४ मध्ये जायला हवा होता. त्याची तपासणी झाली थेट जानेवारी २००० मध्ये. नंतरच्या तपासण्या २००७ आणि २०१४ साली झाल्या. झडती लांबच, वेळेवर हिशेब देणंही आपल्याला जमलेलं नाही.

गैरसमज ४ : शिक्षा नाही, म्हणजे हा नुसता कागद आहे

वस्तुस्थिती : इथे पुन्हा भिंतीवरच्या फलकाकडे यायला हवं. जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरी देवी राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. १९९२ मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचा बालविवाह रोखायचा प्रयत्न केला. गावातल्या दांडग्यांनी त्याचा सूड त्यांच्यावर सामूहिक बलात्कार करून घेतला. १९९५ साली खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मोकळं सोडलं. त्याआधीच, १९९२ मध्ये, 'विशाखा' आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता : काम करताना बाईवर असा प्रसंग येऊ नये, याची जबाबदारी कुणाची?

त्या वेळी देशात यावर कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठानं निकाल दिला. भारतानं सीडॉला मान्यता दिली आहे, त्यातलं अकरावं कलम कामाच्या ठिकाणच्या समतेचं आहे, आणि आपल्या मूलभूत हक्कांशी त्याचा विरोध नाही. मग कायद्याची पोकळी भरून काढताना या कराराचा आधार घ्यायचा, असं न्यायालयानं म्हटलं. त्यातून विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. २०१३ मध्ये संसदेनं कायदा करेपर्यंत सोळा वर्षं देशभरातल्या नोकरदार स्त्रियांना त्यांचाच आधार होता. आज दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे ही समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे.

दुसरं उदाहरण एका अर्जाचं. लेखिका गीता हरिहरन आणि त्यांच्या पतीनं १९८४ साली अल्पवयीन मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं. पालक म्हणून आईनं सही केली, ती बँकेनं मानली नाही, वडिलांची सही आणा म्हटलं. कारण हिंदू अल्पवयीनत्व आणि पालकत्व कायद्यात लिहिलं होतं की पालक आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'त्यांच्यानंतर' या शब्दाचा अर्थ 'त्यांच्या मृत्यूनंतर' एवढाच नाही, असं सांगून आईलाही पालकत्वाची वाट मोकळी केली. त्या निकालातही सीडॉचा हवाला आहे. ज्याला आपण नुसता कागद म्हणतो, त्याच्या आधारानं आईच्या सहीला किंमत मिळाली.

गैरसमज ५ : सही केली म्हणजे भारतानं सगळंच मान्य केलं

वस्तुस्थिती : नाही. मान्यता देताना भारतानं आपली निवेदनं जोडली आहेत. रूढी बदलण्याविषयीचं पाचवं कलम आणि विवाह व कुटुंबातल्या समतेविषयीचं सोळावं कलम, यांबाबत आपण म्हटलं की कोणत्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय त्याच्या खासगी व्यवहारात सरकार हात घालणार नाही. विवाहनोंदणी सक्तीची करण्याबाबत म्हटलं की तत्त्व मान्य आहे, पण एवढ्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही.

ही दुसरी अडचण किती खरी, हे आपल्याच अंगणात कळतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून लग्न आधी नागरी नोंदणीच्या दफ्तरात नोंदवलं जातं. महाराष्ट्रात आज गावच्या ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करता येते. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं राज्यांना सांगितलं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला पोटगी मागताना किंवा विधवेला वारसाहक्क मागताना पहिला प्रश्न येतो तो लग्नाच्या पुराव्याचा. तरीही १९९३ चं ते निवेदन आजही मागे घेतलेलं नाही.

गैरसमज ६ : अन्याय झालेली कुणीही स्त्री थेट तिकडे तक्रार करू शकते

वस्तुस्थिती : त्यासाठी १९९९ साली वेगळा पूरक करार झाला, त्याला ऐच्छिक प्रोटोकॉल म्हणतात. देशातले सगळे मार्ग संपल्यावर व्यक्तीला समितीकडे दाद मागता येते, ती या पूरक करारामुळे. हंगेरीत संमतीविना नसबंदी झालेल्या एका रोमा स्त्रीला याच मार्गानं २००६ मध्ये न्याय मिळाला आणि पुढे भरपाईही. भारत या पूरक करारात नाही. म्हणून भारतीय स्त्रीला हा दरवाजा आजही बंद आहे.

गैरसमज ७ : 'स्त्रियांसाठी भारत सर्वांत असुरक्षित' हे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं

वस्तुस्थिती : २०१८ ची ती बातमी थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पाहणीची होती. सुमारे साडेपाचशे जाणकारांना मत विचारून केलेली ती क्रमवारी होती, गुन्ह्यांच्या आकड्यांवरची नव्हे. स्त्री-पुरुष तफावतीचा वार्षिक निर्देशांक काढते ती वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम ही खासगी संस्था. सीडॉ समिती कुणालाही नंबर देत नाही. ती फक्त विचारते, तुम्ही जे कबूल केलंत त्यातलं किती केलंत?

गैरसमज ८ : बाहेर जाऊन सांगणं म्हणजे देशाची बदनामी

वस्तुस्थिती : सरकारी अहवालासोबत देशातल्या महिला संघटनाही आपला समांतर अहवाल समितीला देतात, आणि ही पद्धत समितीला मान्य आहे. कारण सरकार कायदा सांगतं आणि संघटना तो कायदा बाईपर्यंत पोचला का ते सांगतात.

बाहेरच्या प्रश्नामुळे घरातलं सत्य कळल्याचा आपला अनुभव जुना आहे. संयुक्त राष्ट्रांनी सदस्य देशांकडे स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल मागितला, तेव्हा १९७१ मध्ये भारत सरकारनं फूलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वीणा मजुमदार तिच्या सदस्य-सचिव होत्या. १९७४ च्या तिच्या अहवालाचं नाव 'समतेकडे'. स्वातंत्र्यानंतर बायकांचं बरं चाललंय, या समजाला त्यानं तडा दिला. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० वर आल्या होत्या. हे आकडे आपल्याच जनगणनेचे होते. ते ओळीनं मांडून त्यांचा अर्थ विचारायला बाहेरचं निमित्त लागलं. भारतातल्या स्त्री-अभ्यासाची पायाभरणी या अहवालानं केली.

आकडा झाकला म्हणून प्रश्न मिटत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. तरी राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ झाल्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. बदनामी कुठली म्हणायची, हा आकडा सांगण्याची की तो तसा असण्याची?

काय उरलं आहे

२०१४ च्या तपासणीत समितीनं भारताला सांगितलं की विवाहांतर्गत बलात्कार हा गुन्हा ठरवा. त्याआधी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीनंही हेच सुचवलं होतं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण अठरा वर्षांवरील पत्नीबाबतचा नवऱ्याचा अपवाद तिच्यातही कायम आहे. जिनिव्हाची समिती हा कायदा बदलू शकत नाही. तो आपली संसद किंवा आपलं न्यायालयच बदलू शकतं, आणि त्यांनी तो बदलावा यासाठी आवाज उठवायचा आहे आपण.

सीडॉच्या तीस कलमांपैकी पहिल्या सोळांत स्त्रीचे सगळे हक्क आले आहेत, आणि ती एका बैठकीत वाचून होतात. येत्या ८ मार्चला तुमच्या महाविद्यालयात, बचत गटात किंवा कार्यालयात सत्काराच्या कार्यक्रमाआधी ती मोठ्यानं वाचा. मग उठून भिंतीवरच्या त्या फलकापाशी जा आणि समितीतल्या सदस्यांची नावं आजची आहेत का, दिलेला फोन लागतो का, हे तपासा.