यू वृक्ष: दंतकथा बाजूला ठेवून

ब्रिटनमधल्या अनेक जुन्या चर्चच्या आवारात काळपट हिरव्या पानांचा, अवाढव्य बुंध्याचा यू वृक्ष उभा असतो. त्याच्याभोवती इतक्या कथा रचल्या गेल्या आहेत, की खऱ्या गोष्टी मागे पडतात. त्या जाणून घ्यायलाच हव्यात, कारण त्या कथांहून अधिक थक्क करणाऱ्या आहेत.

गैरसमज: काही यू पाच हजार वर्षांचे असल्याचं सिद्ध झालं आहे.
वस्तुस्थिती: म्हाताऱ्या यूचा गाभा कुजून जातो आणि त्याबरोबर वर्षागणिक पडणाऱ्या वलयांपैकी सर्वांत जुनी वलयंही नाहीशी होतात. मग वलयं मोजता येत नाहीत आणि कार्बन चाचणीही मूळ वयापर्यंत पोहोचत नाही. उरतो तो घेरावरून बांधलेला अंदाज. पण यूची वाढ कधी वेगाने होते, तर कधी जवळजवळ थांबते. स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगॉल यूचं वय साधारणपणे दोन ते तीन हजार वर्षं मानलं जातं. १७६९ मध्ये त्याचा घेर ५२ फूट भरला होता. लोकांनी आठवण म्हणून तुकडे तोडून नेले आणि आज त्या बुंध्याचे सुटे भाग तेवढे उरले आहेत.

गैरसमज: बुंधा पोकळ झाला म्हणजे झाड मरायला टेकलं.
वस्तुस्थिती: झाडाचा जिवंत थर सालीलगत असतो, गाभा गेला तरी तो काम करत राहतो. यूच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या वडाच्या पारंब्यांसारख्या मुळं धरतात आणि त्यांतून नवे बुंधे उभे राहतात. सरे परगण्यातल्या क्रोहर्स्ट यूच्या पोकळ बुंध्याला एकोणिसाव्या शतकात चक्क दार बसवलं गेलं. ते झाड आजही हिरवं आहे.

गैरसमज: येशूला क्रुसावर देण्याचा हुकूम सोडणारा पाँटियस पायलट फोर्टिंगॉल यूखाली जन्मला.
वस्तुस्थिती: पायलट इ. स. २६ ते ३६ या काळात ज्यूडिया प्रांताचा रोमन अधिकारी होता. रोमनांनी ब्रिटन जिंकायला सुरुवात केली ती इ. स. ४३ मध्ये. स्कॉटलंडपर्यंत त्यांचं सैन्य पोहोचलं ते त्यानंतर कित्येक वर्षांनी.

गैरसमज: इंग्लंडच्या राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेवर अँकरविक यूखालीच मोहोर उमटली.
वस्तुस्थिती: १२१५ च्या त्या सनदेत रनीमीडच्या कुरणाचा उल्लेख आहे, झाडाचा नाही. अँकरविक यू थेम्स नदीच्या पलीकडच्या काठावर, बाराव्या शतकातल्या मठाच्या अवशेषांजवळ आहे. तो त्या काळाचा साक्षीदार असावा, एवढंच म्हणता येतं.

गैरसमज: चर्चच्या आवारात यू लावले ते धनुष्यांसाठी.
वस्तुस्थिती: इंग्रज धनुर्धरांची उत्तम धनुष्यं बहुतांशी युरोपातून आणलेल्या यूच्या लाकडाची असत. १४७२ च्या कायद्याने तर इंग्लंडच्या बंदरात माल आणणाऱ्या जहाजांना, मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याचे चार दांडे आणणं सक्तीचं केलं.

गैरसमज: यू म्हणजे केवळ विष.
वस्तुस्थिती: बीभोवतीचा लाल गर सोडला, तर पानं, साल, बी सगळं विषारी आहे, गुरंसुद्धा दगावतात. पण याच कुळातल्या पॅसिफिक यूच्या सालीतून कर्करोगावरचं टॅक्सॉल मिळालं. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ते वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पण साल काढल्यामुळे झाडं मरत होती. पुढे युरोपीय यूच्या पानांमधल्या द्रव्यापासून ते बनवता येऊ लागलं.

गैरसमज: इतके जुने वृक्ष आपोआप संरक्षित असतात.
वस्तुस्थिती: ब्रिटनमध्ये केवळ वयामुळे झाडाला कायद्याचं कवच मिळत नाही, प्रशासनाला त्यासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागतो. असा आदेश मागताना पायलटची कथा कामाला येत नाही. लागतात त्या घेराच्या, आरोग्याच्या आणि जागेच्या इतिहासाच्या अचूक नोंदी. या वृक्षांवर प्रेम असेल, तर त्या नोंदी जपायला हव्यात आणि एक डहाळीही न तोडता परत फिरायला हवं.