पाते तुटले की आधी चाक पाहा

बँडसॉचे पाते वारंवार तुटू लागले की आपले कारागीर बांधव पाते जोडून देणाऱ्याला दोष देतात. आम्हीही तेच केले. १८ इंची चाकांचे जुने यंत्र आम्ही घेतले आणि पहिल्याच महिन्यात चार पाती तुटली. दुकानदाराशी भांडण झाले. शेवटी झाकण उघडून पाहिले तर वरच्या चाकाच्या रबरावर राळ व भुसा बसून कडक गाठ झाली होती. दर फेऱ्याला पाते तेथे उचलले जात होते. दुकानदाराची माफी मागावी लागली.

१८ इंची चाक मिनिटाला ८०० फेरे घेते तेव्हा पाते सुमारे ३,८०० फूट धावते. या वेगात लहान खोटही लहान राहत नाही. म्हणून जुने यंत्र घेतले की रंगरंगोटीआधी चाके तपासावीत. मेन स्विच बंद करून पाते उतरवावे. चाक वर-खाली धरून हलवावे. खडखडले तर बेअरिंग गेले. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो पाहून दोन्ही बाजूंनी रबरी झाकणाचे बेअरिंग आणावे म्हणजे भुसा आत जात नाही. तुंब्यात बसवताना बाहेरच्या कड्यावरच ठोकावे. चाकाचे नट सुटत नसेल तर हातोडा उचलण्याआधी आटे पाहा. काही यंत्रांत ते उलटे असतात.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव, तशी येथे रबराची. ती कडक झाली, भेगाळली किंवा मधोमध चर पडला तर बदलावी. जुना डिंक पूर्ण खरवडावा. नवी धाव चाकापेक्षा थोडी लहानच असते. गरम पाण्यात ठेवून, एका जागी शिकंज्याने धरून ताणत चढवावी. मग तिच्याखाली गुळगुळीत गोल दांडा घालून दोन-तीन वेळा सबंध चाकाभोवती फिरवावा. हे केले नाही तर रबर एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ राहते. धावेच्या मध्यभागी किंचित उंचवटा हवा. पाते मधोमध राहते ते त्यामुळेच. झिजला असल्यास चाक हाताने फिरवून लाकडी ठोकळ्यावरच्या पॉलिश पेपरने कडा उतरवाव्यात. काही चाकांचा उंचवटा लोखंडातच असतो, तेथे घासू नये.

चाक मोकळे सोडल्यावर दर वेळी एकाच जागी येऊन थांबते का? मग ती बाजू जड आहे. कडेच्या आतल्या अंगाला पूर्वी पाडलेली उथळ भोके दिसतील. ती खोट नव्हे, कारखान्यानेच तोल साधण्यासाठी पाडलेली असतात. आम्ही एकाला ती शिशाने बुजवताना पाहिले आहे!

मात्र खरी भीती तड्याची. ही चाके बहुधा बिडाची असतात. धाव काढून लाकडी हातोडीने टिचकी मारावी: निकोप बीड खणखणते, तडकलेले भद्द वाजते. संशय आला तर आऱ्यांच्या मुळाशी व चावीच्या खाचेपाशी रॉकेल लावून थोड्या वेळाने पुसावे आणि खडूची भुकटी चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. असे चाक वेल्डिंग करून चालवू नये. बीड वेल्डिंगने जोडता येते, पण मिनिटाला ८०० फेऱ्यांवर त्या जोडाच्या समोर उभा राहणारा कामगार आपलाच असतो. त्याच मेकच्या भंगार यंत्राचे चाक शोधावे, नाहीतर साचा करून नवे ओतून, लेथवर उतरवून, तोलून घ्यावे. खर्च होतो, हे आम्हांस ठाऊक आहे.

पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असावी. १८ इंचीला सुमारे अर्धा मिलिमीटर. संध्याकाळी काम संपले की ताण सैल करावा आणि स्विचवर तशी पाटी अडकवावी, म्हणजे सकाळी येणारा पोरगा घाईत बटण दाबणार नाही.